ओढ्यापलीकडचा टेम्पोवाला आणि आमचा करार

भोकरदनच्या एका महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवतो. आमच्या वर्गात आशियाचा एकच नकाशा आहे आणि भिंतीला ओल आल्यापासून त्यातला जपान फुगून कोरियाला टेकला आहे. त्या नकाशासमोर उभा राहून मी दरवर्षी एक प्रकरण शिकवतो: प्रादेशिक सुरक्षा युती आणि उदयोन्मुख सत्ता. एखादा देश मोठा होऊ लागला की आजूबाजूचे देश जवळ येतात, करारमदार करतात, आणि त्या मोठ्या होणाऱ्याशी कसं वागायचं हे मग प्रत्येक जण आपल्या मनाने ठरवत नाही, युतीच्या कलाने ठरवतो. हे मी इतक्या ठसक्यात सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस सकाळीच टोकियोहून आला. मी आलेला असतो मोटारसायकलवर, डोक्याला मफलर बांधून.

त्या वर्षी शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, त्या देशानं काही वाईट केलं का, का तो नुसता मोठा झाला?"

मी म्हणालो, "मोठं होणं हेच काहीतरी करणं असतं."

मुलीने ते वहीत लिहून घेतलं. मला स्वतःलाच ते वाक्य एवढं आवडलं की स्टाफरूममध्ये मी ते दोनदा ऐकवलं. तिथे कोणी लिहून घेतलं नाही.

माझं गाव भोकरदनपासून मोटारसायकलने अर्ध्या तासावर. घरची शेती थोरला भाऊ करतो. दहावीनंतर त्याने शाळा सोडली ती मी शिकावं म्हणून, आणि हे त्याने मला आयुष्यात एकदाही बोलून दाखवलेलं नाही. बोलून दाखवलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्याऐवजी तो मला लोकांसमोर 'आमचे सर' म्हणतो आणि एकट्यात शेतीतलं काहीही विचारत नाही.

त्या हिवाळ्यात मात्र त्याने विचारलं. जालन्याच्या एका बियाणे कंपनीने त्याला पांढऱ्या कांद्याच्या बियाचा प्लॉट दिला होता. आमच्या शिवारात असा प्लॉट पहिल्यांदाच येत होता आणि दादा गेली कित्येक वर्षं त्याची वाट बघत होता. काम नाजूक. कांदा लावायचा, त्याला दांडे येऊ द्यायचे, दांड्यांवर पांढरे गोंडे फुलू द्यायचे, मग बी धरायचं. अट एकच: आजूबाजूला, पार ओढ्यापलीकडच्या टेकडीपर्यंत, दुसऱ्या जातीचा कांदा फुलता कामा नये. मधमाशीला सातबारा वाचता येत नाही. ती लाल कांद्याच्या फुलावरून उठते ती सरळ पांढऱ्यावर जाऊन बसते, आणि बियात भेसळ होते. फुलोऱ्याच्या वेळी कंपनीचा साहेब येऊन सगळं रान तुडवतो. एक जरी परका गोंडा फुललेला दिसला तरी प्लॉट फेल. आणि एकदा प्लॉट फेल गेला की कंपनी त्या शिवारात पुन्हा पाऊल ठेवत नाही.

दादाला धास्ती होती ती ओढ्यापलीकडची. तिथे टेम्पोवाला होता.

हा माणूस एके काळी गावातल्या पोरांना टेम्पोत कोंबून जालना एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्यांवर सोडायचा. मग त्याचा स्वतःचा टेम्पो झाला, एकाचे तीन झाले, जेसीबी आला. पुढे त्याने ओढ्यापलीकडची जमीन घेतली, डोंगराएवढं शेततळं खोदलं, दुमजली घर बांधलं आणि भोवती तारेचं कुंपण घातलं. गाव त्याला तोंडावर 'शेठ' म्हणायचं आणि पाठीमागे 'टेम्पोवाला'. दादा त्याला काहीच म्हणत नसे, कारण दोघांचं बोलणंच नव्हतं. भांडण झालं होतं असंही नाही. नवीन शेजाऱ्याने येऊन आधी रामराम घालायचा असतो, असं दादाचं म्हणणं. त्याने तो घातला नव्हता.

"तुमच्या वर्गात तुम्ही हेच शिकवून राह्यले ना," दादा मला म्हणाला, "एखादा लय मोठा झाला तर बाकीच्यांनी काय करायचं? मंग सांग की. माझ्या प्लॉटचा सवाल हाय."

सतरा वर्षं ज्या विषयाचा पगार घेतला त्याचा घरात उपयोग होण्याची ही पहिली वेळ होती. मी हरखून गेलो. म्हणालो, "दादा, युती करावी लागेल."

रविवारी आमच्या विहिरीवर बैठक ठरली. दादा धरून चार शेतकरी: एक माजी सरपंच, एक प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, आणि खालच्या बांधाचे काका, ज्यांचा दुधाचा धंदा आहे. मी सल्लागार. मी नेहमीप्रमाणे तासभर आधीच पोहोचलो होतो. दर रविवारी मी शेतात जातो तेव्हा माझा शेतीतला सहभाग असा असतो: वहिनीच्या हातचं जेवायचं, ज्वारीकडे बघून मान हलवायची, आणि बायकोने घरातून टाकून द्यायला दिलेलं काहीबाही, कधी कोंब फुटलेलं आलं, कधी कांदे, विहिरीमागच्या भुसभुशीत जागेत खोचून ठेवायचं. आई असताना ती हेच करायची. तिच्यामागे ते काम मी उचललं आहे, आणि दादाच्या मते तेवढंच.

लोक जमले. मी पिशवीतून महाविद्यालयाची एक कोरी उत्तरपत्रिका-पुरवणी काढली आणि तिच्यावर करार लिहिला. वर 'परीक्षार्थीचा बैठक क्रमांक' असा चौकोन होता, त्यात गुरुजींनी शिवाराचं नाव घातलं. कलमं मी सांगितली आणि मीच लिहिली. कोणीही आपल्या हद्दीत लाल कांदा फुलू देऊ नये. ओढ्यापलीकडच्या हालचालींवर सर्वांनी नजर ठेवावी. आणि कोणीही टेम्पोवाल्याशी परस्पर, वेगळा व्यवहार करू नये. या शेवटच्या कलमाला तिघेही एकदम खोकले. तेव्हा मला वाटलं, थंडी पडली आहे.

तेवढ्यात पलीकडे शेततळ्याच्या बांधावर टेम्पोवाला उभा दिसला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघायला लागलो. मी बोट करून हद्द कुठून कुठे जाते ते समजावून सांगत होतो. त्याने एक हात वर केला, थोडा वेळ तसाच धरला, आणि खाली उतरून गेला.

"बघितलं का?" माजी सरपंच म्हणाले. "हात दाखवून राह्यला आपल्याला!"

मी पुरवणीच्या मागच्या बाजूला पहिली नोंद केली: 'आज दुपारी पलीकडून हातवारे झाले.' खाली चौघांनी सह्या केल्या.

पुढचे दोन महिने आमच्या युतीने जे काम केलं ते बघून मला फार समाधान वाटत होतं. सकाळी काका दूध घालायला जाताना ओढ्यापलीकडे बघत. दुपारी गुरुजी पिंपळाखालून बघत. संध्याकाळी माजी सरपंच मोटारसायकल थांबवून बघत. दादा तर प्लॉटमध्ये परकं झाड निवडायला वाकला तरी तोंड ओढ्याकडेच करून वाकायचा. दर रविवारी मला खबरा मिळायच्या. त्याने पाइप आणले. त्याने काहीतरी पेरलं. त्याने आपल्या बाजूला कॅमेरा लावला.

कॅमेऱ्याची खबर आली तेव्हा मी वर्गात शिकवतो तसं चौघांना समजावलं. आपण सावध होतो, ते बघून तो सावध होतो, तो सावध झालेला बघून आपण आणखी सावध होतो. यालाच सुरक्षेचा पेच म्हणतात.

"मंग उपाय काय?" काकांनी विचारलं.

"आणखी सावध राहणं," मी म्हणालो. आज ते आठवलं की कानशिलं तापतात.

युतीने माणसाला बळ येतं की नाही ते मला अजून कळलेलं नाही. मान मात्र एका दिशेला अवघडते एवढं खरं. दोन महिन्यांत आमच्यापैकी एकानेही एकदासुद्धा मागे वळून बघितलं नाही.

माघात गोंडे फुलू लागले. दादाचा प्लॉट असा दिसत होता की बांधावर उभं राहिलं की पाय निघत नसे. कंपनीचा साहेब बुधवारी तपासणीला येणार होता. आधीच्या रविवारी सकाळी मी शेतात पोहोचलो तर दादा विहिरीपाशी कमरेवर हात देऊन उभा होता. आदल्या दिवशी पाणी दिलेल्या ओल्या रानात बुटांचे ठसे उमटले होते. ओढ्याकडून येणारे आणि ओढ्याकडे जाणारे. आमच्यात असे बूट कोणी घालत नाही.

"आल्ता," दादा म्हणाला. "आपल्या रानात येऊन गेला."

मी जो शब्द उच्चारला तो शेतीतला नव्हता. मी म्हणालो, "घुसखोरी!"

अर्ध्या तासात युती गोळा झाली. गुरुजींनी ठसे काठीने मोजले, ते कशासाठी ते आम्ही विचारलं नाही. टेम्पोवाल्याने प्लॉटमध्ये काय कालवलं असेल यावर चर्चा झाली. दादाचा चेहरा बघून मला पहिल्यांदाच भीती वाटली. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते तीन दिवसांवर आलं होतं. शेवटी ठरलं, सगळ्यांनी मिळून जायचं आणि जाब विचारायचा.

ओढा ओलांडून आम्ही पाच जण त्याच्या अंगणात उभे राहिलो. जाब कोणी विचारायचा हे ठरवायचं राहून गेलं होतं. तेवढ्यात त्याची बायको दारात आली, सगळ्यांकडे बघून हसली आणि म्हणाली, "बसा ना. चहा ठेवते. गुरुजी, तुमचा बिनसाखरेचा. सरपंच, तुम्हाला बशी लागती, माहीत हाय. काका, आज दुधाची किटली न्हाई का आणली?"

गुरुजी आपल्या काठीकडे बघायला लागले. हळूहळू सगळंच बाहेर आलं. गुरुजींची सून जालन्याला नोकरीला आहे, ती रोज याच्या गाडीतून जाते आणि संध्याकाळी गुरुजी तिला घ्यायला इथे येऊन बसतात. माजी सरपंचांच्या शेतातला रस्ता याच्याच जेसीबीने केलेला. काकांचं दूध याच घरात पडतं आणि उन्हाळ्यात त्यांच्या म्हशी याच्याच शेततळ्याचं पाणी पितात. परस्पर व्यवहार न करण्याच्या कलमावर तिघांनी सह्या केल्या होत्या, आणि कलम शब्दाशब्दाने मोडून तिघंही करारात सुखाने नांदत होते. माझ्या पुस्तकात दक्षिणपूर्व आशियातल्या देशांवर एक अख्खा उपविभाग आहे: संरक्षणाला एकाच्या आडोशाला उभं राहायचं आणि व्यापार दुसऱ्याशी करायचा. मी तो सतरा वेळा शिकवला. तोच आमच्या विहिरीवर येऊन बसला तेव्हा मला ओळखू आला नाही.

बाईंनी मग दादाकडे बघितलं. "दादा, तुम्ही चहा कसा घेता?"

शेजारी राहून तिला हे विचारावं लागत होतं. दादाने मान खाली घातली आणि म्हणाला, "कसाबी चालंल."

टेम्पोवाला मागच्या बाजूने हात पुसत आला. आम्हाला बघून जरासा थबकला. दादा उठला. आवाज चढवण्याची त्याला सवय नाही, म्हणून जास्त वाईट वाटलं. "माझ्या रानात आल्ते तुम्ही?"

"आल्तो," तो म्हणाला. "पहाटंच आल्तो. न इचारता आलो, चुकलं माझं."

आत जाऊन त्याने एक घमेलं आणलं आणि दादाच्या पायाशी ठेवलं. घमेल्यात कांद्याचे गोंडे होते. खुडलेले, फुगलेले, पाकळी उमलायच्या बेतात आलेले. दहा-बारा असतील.

"हे तुमच्या विहिरीमागचे, कडब्याच्या गंजीच्या आडचे," तो म्हणाला. "लाल कांद्याचे हाईत. उद्या-परवा उमलले असते आन् बुधवारी तुमचा साहेब येणार. सांगायला यावं म्हणलं तर तुम्ही सगळे माझ्याकडं डोळे लावून बसलेले. पाय उचलला न्हाई. मंग म्हणलं, आपणच जाऊन जल्दी खुडून टाकावं."

"आन् तुम्ही काय पेरलंय?" माजी सरपंचांनी विचारलं. त्यांना अजून आशा होती.

"हरभरा. कंपनीचा साहेब पहिल्याच दिवशी माझ्याकडं येऊन गेल्ता. कांदा लावणार न्हाई म्हणून मी तेव्हाच शब्द दिलाय. तुम्हाला बोलला न्हाई का तो?"

साहेब बोलला होता की नाही ते आम्ही कोणी आठवून बघितलं नाही. गुरुजी हळूच म्हणाले, "काखेत कळसा." पुढचं कोणी म्हणालं नाही.

"पण विहिरीमागं कांदे लावले कोणी?" काकांनी विचारलं.

मला विहिरीमागची ती भुसभुशीत जागा दिसली. बायकोने दिलेली पिशवी दिसली. कोंब फुटलेले लाल कांदे. तो बैठकीचा रविवार. लोक यायला वेळ होता म्हणून मी ते एकेक करून खोचले होते, हात धुतले होते, आणि त्याच हाताने पुरवणीवर लिहिलं होतं: कोणीही आपल्या हद्दीत लाल कांदा फुलू देऊ नये. राज्यशास्त्राचा माणूस इतका गप्प बसलेला त्या गावाने आधी पाहिला नव्हता.

"मीच लावले असतील," दादा म्हणाला. "पातीसाठी. इसरून गेलो."

सगळ्यांनी 'होतं असं' म्हणून चहा प्यायला. दादाने कसाबी चालंल म्हटलेला चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

परत येताना ओढ्यात मी त्याला गाठलं. "दादा, ते मी लावले होते."

"माहीत हाय."

"कसं?"

"आई एका ओळीत लावायची. ते वाकडेतिकडे लावलेत. मला वाटलं, पातीपुरते लावले असतील. गंजीआड गोंडे धरले ते मलाबी दिसलं न्हाई, माझं ध्यान पलीकडं." तो थोडं चालला. "सर म्हणतात तुला. चारचौघांत तुझं काय सांगायचं?"

ज्या माणसाची दहावीनंतरची सगळी वर्षं मी वापरली, त्याने माझी चूकही स्वतःच्या नावावर घेतली होती. मला रडू आलं, आणि ओढ्यात पाणी कमी असल्यामुळे तोंड धुण्याचं निमित्तसुद्धा मिळालं नाही.

बुधवारी साहेब आला. त्याने रान तुडवलं, विहिरीमागे गेला, गंजीच्या आडही डोकावला. आम्ही मागाहून उपटलेल्या कांद्यांच्या खड्ड्यांकडे बघून पुढे गेला. प्लॉट पास झाला. दादाने मला फोन केला तेव्हा तो नीट बोलूही शकत नव्हता, नुसतं "पास, पास" म्हणत होता. मी वर्ग सोडून बाहेर आलो आणि व्हरांड्यात एकटाच हसत उभा राहिलो.

पुढच्या रविवारी त्याने पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला. "ओढ्यापलीकडं तूच जा. आन् ते मला सांगितलं ते त्याला सांग. मी खोटं बोललेलं त्याच्यापाशी तरी न्हाई राहायला पाहिजे."

मी गेलो. टेम्पोवाला शेततळ्याच्या बांधावर पाइप जोडत होता. मी म्हणालो, "शेठ, ते कांदे दादाने नव्हते लावले. मी लावले होते."

"मला माहीत हाय सर," तो म्हणाला. "मी इथंच उभा होतो. तुम्ही वाकून एकेक कांदा लावून राह्यले होते."

"मग तेव्हाच का नाही ओरडून सांगितलं?"

तो अवघडला. "म्हणलं, सर एवढे शिकलेले. त्यांनी लावले म्हणजे त्यात काहीतरी शास्त्र असंल."

मला हसावं की ओढ्यात उडी घ्यावी ते कळेना. तो पाइपाकडे बघत पुढे म्हणाला, "आन् तरी मी म्हणलं, ओळख काढावी, मंग बोलावं. तुम्ही सगळे विहिरीवर जमले होते, माझ्याकडंच बघून राह्यले होते. मी हात वर करून रामराम घातला. बराच येळ हात वर धरला. कोणीच घेतला न्हाई."

ती पुरवणी अजून माझ्या कपाटात होती. मागच्या बाजूला, माझ्याच अक्षरात, पहिली नोंद.

मी पेढ्यांचा पुडा बांधावर ठेवला आणि दोन्ही हात जोडले.

"रामराम, शेठ," मी म्हणालो.